पुढे ओढलेली सीट

कुवेंपुनगर, म्हैसूर
४ ऑगस्ट २०२५

ती. गोदावरीआत्यांना,
नमिताचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या सूनबाईंना मध्ये घालून जे विचारता येणार नाही ते विचारायचं आहे, म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र लिहिते.

अप्पांच्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक आहेच. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं ते हसत सांगतात. तशा डोळ्यांनी एप्रिलात ते त्यांची सेलिका गाडी घेऊन लष्कर मोहल्ल्यात गेले आणि एका फुलवालीचा गाडा उलटवला. फुलंच सांडली, बाई वाचली. अम्मा शेजारीच बसली होती. त्याच दिवशी मी हिनकलला त्यांच्या घरी जाऊन गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

त्या गाडीचं त्यांना काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. सिंगापूरच्या गोदीतली नोकरी सोडून येताना लोक टीव्ही आणत. अप्पांनी दोन दारांची, लांब नाकाची ती लाल गाडी आणली. पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला तीच, लग्नकार्याला तीच. आणि चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मी अठरा वर्षांची झाले तेव्हा मागितली होती. ‘क्लचला एकाच पायाची सवय असावी’ म्हणाले. मी स्कूटर शिकले.

आता मुद्दा. ती गाडी अजून चालते आहे.

दर रविवारी मी मीटर वहीत लिहून ठेवते. मागच्या खेपेला ९१,४०७ होता, काल ९१,४२९. बावीस किलोमीटर! किल्ली माझ्या पर्समध्ये. अप्पांना विचारलं तर म्हणाले, “जुना मीटर आहे, सुम्ने फिरतो.” बंद गाडीचा मीटर सुम्ने, म्हणजे उगाचच, फिरतो? अम्मा ओट्याशी भाजी चिरत होती, तिला यातलं काय कळणार.

दुसरी किल्ली कुठेतरी आहे. अप्पा तुम्हाला सगळं कळवतात. तुम्हाला ठाऊक असेल तर लपवू नका. पुढच्या वेळी फुलंच सांडतील असं नाही.

तुमची,
नमिता


बेळगाव
११ ऑगस्ट २०२५

चि. नमितास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सूनबाईनं आधी वाचून मग मला दिलं, तेव्हा पाकीट नीट चिकटवत जा.

दुसऱ्या किल्लीचं मला विचारतेस? मला माझ्या कपाटाची सापडत नाही. नरसिंग माझा धाकटा भाऊ खरा, पण तो सातवीत गेल्यापासून त्याचे खिसे मी तपासलेले नाहीत.

जुनी गाडी नुसती उभी ठेवली तर बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतात. भुजंगराव मेस्त्री महिन्यातून एकदा येऊन इंजिन चालू करतो, त्याला तूच किल्ली देतेस ना? मग त्यानं एखादी फेरी मारली असेल. साबणावर ठसा घेऊन दुसरी किल्ली केली असेल असं तुझ्या डोक्यात येईलच, म्हणून आधीच सांगते, तो तसला माणूस नाही.

आता मी एक विचारते. काळजी असलेलं माणूस गाडीच्या शेडला कुलूप घालतं. मीटरचे आकडे वहीत मांडत नाही. गाडीचं तू पुढे काय करणार आहेस?

गुडघ्यांना तेल लावून घेते. तुझ्या अम्माला, जयलक्ष्मीला, माझा आशीर्वाद सांग.

गोदावरीआत्या


म्हैसूर
१९ ऑगस्ट २०२५

ती. आत्यांना नमस्कार.

गाडीचं मी काहीएक करणार नाही. मला फक्त अप्पा सुखरूप हवे आहेत.

तुम्ही साबणाचं लिहिलंत आणि मला झोप लागेना. शनिवारी शाळेतून परस्पर लष्कर मोहल्ल्यात भुजंगरावांच्या शेडवर गेले. ते गाडीखाली होते, फक्त पाय दिसत होते. मी पायांनाच विचारलं, “भुजंगराव, खरं सांगा, आमची गाडी कोण फिरवतं?”

आतून आवाज आला, “अक्का, मी तेल बघतो, ब्रेक बघतो. आत कोण बसतं ते माझं काम नाही.”

“म्हणजे कोणीतरी बसतं!”

“अय्यो, तसं कुठं म्हणालो मी?”

मग बाहेर आले, फडक्याला हात पुसत राहिले, माझ्याकडे बघेनात. मी सगळ्यांसमोर विचारलं, दुसरी किल्ली तुम्ही केलीत का. शेजारचे दोघे हातातलं काम थांबवून बघायला लागले. भुजंगरावांनी फडकं घडी करून ठेवलं आणि म्हणाले, “एकतीस वर्षं ही गाडी मी माझ्या हातानं उघडली, बांधली. उद्यापासून दुसरा मेस्त्री बघा, अक्का.” निरपराध माणूस असा तडकाफडकी काम सोडतो का? मला नाही वाटत.

आणखी तीन गोष्टी सापडल्या. एक, वायपरखाली उसाच्या पात्याचा तुकडा. हिनकलला ऊस कुठे आहे? दोन, मागचे दोन्ही टायर घासून गुळगुळीत, पुढचे मात्र चांगले. माझ्या नवऱ्याच्या गाडीचे आधी पुढचेच झिजतात. म्हणजे कोणीतरी ही गाडी मागची चाकं जागच्या जागी गरगरवत पळवतं, शर्यतीत पोरं करतात तसं. तीन, डिकीत एक पोतं. बन्नूरच्या भातगिरणीचं, यंदाचं साल छापलेलं, आणि आत तांदूळ नाही, वाळू! सुतळीनं तोंड शिवलेलं. वाळू कोण कशाला लपवून नेतं, हे तुम्हीच सांगा.

अप्पांना मी यातलं काही बोलले नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते. ते माझ्या कानाकडे बघत होते.

नमिता


बेळगाव
२६ ऑगस्ट २०२५

चि. नमितास आशीर्वाद.

हसून हसून माझी कवळी निसटली.

अगं, हल्लीच्या तुमच्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. ही मागच्या चाकांनी ढकलली जाते. जोर मागे, म्हणून झीजही मागे. आणि हिचं नाक जड, शेपूट हलकं. पावसात वळणावर मागचं अंग सरकतं. म्हणून शहाणी माणसं पावसाळ्यात डिकीत वाळूचं पोतं ठेवतात. सत्त्याऐंशीत नरसिंगनं मला मडिकेरीला नेलं होतं तेव्हाही पोतं होतं. घाटात माझ्यापेक्षा त्याची त्याला जास्त काळजी होती.

भुजंगरावाला चारचौघांत बोललीस हे वाईट केलंस. त्याच्या शेडमध्ये त्याची अब्रू हेच त्याचं भांडवल.

तुझ्या तीनपैकी दोन गोष्टींची उत्तरं दिली. आता माझ्या एका गोष्टीचं दे. नरसिंग लिहितो की जुलैत कोणी बेंगळूरचे गृहस्थ आले होते, बॉनेट उघडून फोटो काढले, गाडीखाली वाकून बघितलं. नमूच्या ओळखीचे म्हणाले. कोण ते?

गोदावरीआत्या


म्हैसूर
३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यांना नमस्कार.

ते माझ्या नवऱ्याच्या, विश्वेशच्या ऑफिसातल्या कोणाचे मित्र. जुन्या गाड्यांचे फोटो काढण्याचा नाद आहे त्यांना. दुसरं काही नाही.

पण तुम्ही लिहिलंत, ‘नरसिंग लिहितो.’ आत्या, अप्पांना स्वतःचं ताट नीट दिसत नाही. ते लिहितात कसे? कोण लिहून देतं? टायर, वाळू, फोटोवाले, बेळगावात बसून तुम्हाला इथलं सगळं माहीत, आणि हिनकलला दर रविवारी जाणाऱ्या मला काहीच नाही. तुम्ही दोघं भावंडं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवता आहात. मला वाळूचं पोतं कशाला ठेवतात हे कळलं, कोण ठेवतं हे नाही कळलं. यंदाच्या सालाचं पोतं आपल्या पायांनी चालत डिकीत गेलं का?

म्हणून मी सापळा लावला. मागच्या चाकाच्या अगदी खालच्या टोकाला खडूनं बारीक रेघ मारून आले. या रविवारी रेघ वरच्या बाजूला, मडगार्डच्या आत. मीटर ९१,५८०. शेडच्या दाराच्या चौकटीला लाल रंग घासलेला, ताजा.

आणि सीट! अप्पा सहा फूट उंच. त्यांची सीट मागे टोकाला असते, मी लहान असताना पाय पुरत नाहीत म्हणून ती पुढे ओढली तर ओरडा खाल्लाय. रविवारी ती चांगली वीतभर पुढे ओढलेली होती. म्हणजे चालवणारं माणूस बुटकं आहे. भुजंगराव माझ्या खांद्याला लागतात. आता बोला.

मी त्यांच्याविरुद्ध पोलिसांत गेले तर अप्पांना त्रास होईल, एवढ्यासाठी थांबले आहे. पण ते आंधळ्या माणसाच्या घरात घुसून त्याचीच गाडी फिरवत असतील, आणि अप्पा लाजेखातर गप्प असतील, तर मला ते बघवत नाही.

नमिता


बेळगाव
१० सप्टेंबर २०२५

चि. नमिता,

पोलिसांत जाऊ नकोस. भुजंगराव नाही. शपथेवर सांगते.

कोण ते मला ठाऊक आहे. पण ते सांगायचा अधिकार ज्याचा त्याचा. मला गप्प राहायला सांगितलंय आणि बहिऱ्या माणसाला निदान गप्प राहणं तरी जमायला हवं.

खंडेनवमीला हिनकलला जा. चुकवू नकोस. जाताना वही घरी ठेव.

फोटोवाल्या गृहस्थांचं तू लिहिलंस ते मी वाचलं. माझा विश्वास बसला नाही एवढंच कळवते.

गोदावरीआत्या


म्हैसूर
३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यांना साष्टांग नमस्कार.

काय सांगू आणि कुठून सांगू.

आपल्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे, तरी परवा ती मला पहिल्यांदाच दिसली असं वाटलं. पणजोबा महाराजांच्या फौजेत होते तेव्हापासून खंडेनवमीला आपल्याकडे हत्यार त्यानंच पूजायचं, जो ते चालवतो. बाकीच्यांनी हातसुद्धा लावायचा नाही. अप्पांनी गाडी पूजावी, अम्मानं विळी, मी माझी स्कूटर आणि आता लॅपटॉप. दरवर्षी हेच.

बुधवारी सकाळी गाडी धुऊन शेडबाहेर उभी होती. बॉनेटवर शेवंतीचा हार, चारी चाकांखाली लिंबं. अप्पा सोवळं नेसून अंदाजानं पायऱ्या उतरले, मी हात द्यायला पुढे झाले तर मानेनंच नको म्हणाले. कुंकवाचं तबक त्यांच्या हातात होतं. मला वाटलं, आता स्टिअरिंगला ते कुंकू लावतील, मग मी सगळ्यांसमोर विचारीन, चालवत नाही म्हणता ना, मग पूजा कसली? शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते.

अप्पा गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, “जया, ये.”

अम्मा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. कमरेचं किल्ल्यांचं जुडगं काढलं. कपाटाची, देवघराची, कोठीची, आणि त्यांच्यातच सेलिकाची दुसरी किल्ली. लहानपणापासून ते जुडगं माझ्या डोळ्यांसमोर हलतंय, आत्या. मी कधी मोजल्या नव्हत्या. तिनं दार उघडलं, वाकून स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, गिअरच्या दांड्याला लावलं, मग क्लचवर दोन फुलं ठेवली. आणि मला म्हणाली, “विळीला यंदा तू लाव. मला दोन दोन नको.”

मग बसली आणि लिंबं चिरडत गाडी फाटकापर्यंत नेली. बहात्तर वर्षांची अम्मा. अप्पा शेजारी बसले होते, डोळे मिटून. “दुसरा टाक. ऐक, ती मागते आहे. हं.” ते कानांनी गाडी चालवतात आणि अम्मा हातापायांनी. जूनपासून पहाटे रिंग रोड, मग उसाच्या शेतांमधला बन्नूरचा रस्ता, तिथे कॉफी, आठच्या आत घरी. भुजंगराव पहिले पंधरा दिवस मागे बसत. त्यांना अम्मानंच सांगितलं होतं, नमूला बोलायचं नाही, मला गाडी उलटी शेडमध्ये घेता येईपर्यंत तरी नाही. चौकटीचा रंग तिनंच काढलाय.

मी म्हटलं, “लायसन्स?” तिनं पर्समधून काढून दाखवलं. अठ्ठ्याऐंशी सालचं. प्रत्येक वेळी मुदत संपायच्या आत नवं करून घेतलेलं. सदतीस वर्षं एकदाही न वापरलेलं.

“एप्रिलात,” अम्मा म्हणाली, “ती फुलं रस्त्यावर, माणसं आरडाओरडा करतात, हे स्टिअरिंग सोडून बसलेले, आणि माझ्या पर्समध्ये लायसन्स. गाडी बाजूला घेता आली नाही मला. भुजंगराव धावत आला तेव्हा हलली. घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, एक तर मला शिकवा, नाहीतर उद्याच विका.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

आत्या, तिनं जे उत्तर दिलं ते तसंच्या तसं लिहिते. “तू विचारलंस कुठं? अप्पांवर संशय घेतलास, मेस्त्रीवर घेतलास, बेळगावच्या वन्संवरसुद्धा घेतलास. माझ्यावर एकदा तरी घ्यायचास. मी तिथेच भाजी चिरत होते.”

ती रागावून नाही म्हणाली. मी आत गेले आणि विळीला कुंकू लावलं.

आणि आता मी जे तुमच्यापासून लपवलं ते. फोटोवाले गृहस्थ नादिष्ट वगैरे नाहीत, ते गाडी विकत घेणार आहेत. येत्या १२ तारखेला रविवारी न्यायला येतील. गाडी दुसऱ्याच्या नावे करायच्या फॉर्मवर मी जुलैमध्येच अप्पांची सही घेतली. अम्मा देवळात गेली होती. पेन्शनसाठी हयातीचा दाखला आहे असं सांगितलं. त्यांना दिसत नाही म्हणून. बोटानं जागा दाखवत गेले आणि ते सही करत गेले.

मला वाटत होतं मी त्यांचा जीव वाचवते आहे. दर रविवारी ती वही घेऊन शेडमध्ये जाताना वाटायचं, या घरात मी एकटीच खरं बोलते.

काय करू ते सांगा. लवकर.

नमिता


बेळगाव
७ ऑक्टोबर २०२५
(स्पीड पोस्टनं)

चि. नमूस अनेक आशीर्वाद.

नरसिंगची पत्रं जयलक्ष्मीच्या अक्षरात येतात. तो सांगतो, ती लिहिते. जुलैच्या एका पत्रातलं खाली उतरवते, एक अक्षर न बदलता.

‘नमूनं आज माझ्याकडून कागदांवर सह्या घेतल्या. हयातीचा दाखला म्हणाली. तो नोव्हेंबरात असतो, आणि त्याला इतक्या सह्या लागत नाहीत. तिनं माझं बोट धरून चार ठिकाणी ठेवलं. तिचा हात गार पडला होता. पोरीला खोटं बोलायची सवय नाही हे कळून मला बरंच वाटलं. गाडीचेच कागद असणार. सह्या केल्या. माझ्या मागे तीच बघणार आहे सगळं. विचारलंन् तर सांगेन, नाही तर नाही.’

हे लिहून घेताना जयलक्ष्मीनं खाली स्वतःची एक ओळ घातली होती: ‘मला शिकायला ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळाला तर बरं होईल.’

म्हणजे त्या दोघांना ठाऊक होतं. मलाही. म्हणून मी तुला पहिल्या पत्रातच विचारलं होतं, आणि पुन्हा विचारलं. तू दोन्ही वेळा खोटं लिहिलंस. राग धरलेला नाही. मीही तुला काही कमी फिरवलं नाही.

काय करू म्हणतेस. मी सांगणार नाही. तुझ्या हातात कागद आहे आणि समोर न दिसणारा माणूस आहे. यापुढचं तुला कळायला हवं.

गोदावरीआत्या


म्हैसूर
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यांना नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारी आधी लष्कर मोहल्ल्यात गेले. भुजंगरावांच्या शेजारचे दोघे आहेत याची खात्री केली, मग त्यांच्यासमोर माफी मागितली. भुजंगराव म्हणाले, “मागचे टायर बदलायला झालेत अक्का, अम्मांना सांगा.” बाकी काही नाही. बेंगळूरच्या गृहस्थांना फोन करून येऊ नका म्हटलं. ते बरंच बोलले, मी ऐकून घेतलं.

काल सकाळी हिनकलला गेले. अप्पा व्हरांड्यात होते, अम्मा शेजारी शेंगा सोलत. मी फॉर्म काढला आणि म्हटलं, “अप्पा, हा जुलैत सही घेतलेला कागद. मी वाचून दाखवते.” आणि वाचला. गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव रिकामं, खालच्या बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा. मध्ये दोनदा मी थांबले. अप्पा म्हणाले, “पुढे वाच.” शेवटपर्यंत वाचल्यावर मी तो फाडायला घेतला, तर कागदाचा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला.

“फाडू नको. सही माझीच आहे. घेणाऱ्याचं नाव लिही.”

“कोणाचं?”

“जी चालवते तिचं.”

अम्मा म्हणाली, “मला कशाला त्यात घेता? आधी शेडमध्ये उलटी घेता येऊ दे.” पण शेंगांचं सूप तिनं बाजूला ठेवलं होतं.

मी लिहिलं. जयलक्ष्मी नरसिंगराव, हिनकल. अक्षर वेडंवाकडं आलं. मग कागद तिच्यापुढे ठेवून जागा दाखवली, “इथे कर सही, आणि इथे.”

तिनं माझं बोट हळूच बाजूला केलं. चष्मा पुसला, लावला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तिला इंग्रजी सावकाश वाचता येतं. एकेका शब्दाखाली बोट सरकवत होती. एक ओळ झाली की अप्पांना अर्थ सांगायची, ते मान हलवायचे, मग पुढची ओळ. मी मघाशी सगळं वाचून दाखवलं होतं हे तिघांनाही माहीत होतं. पाठची बाजूही तिनं वाचली.

अर्धा तास लागला. मी पेन हातात धरून उभी होते.

तुमची,
नमू